मामांचा दुसरा बाप्तिस्मा

साऱ्या पृथ्वीतलावर खरा ख्रिस्ती माणूस एकच उरला आहे आणि तो शिरूरला एसटी डेपोच्या मागे राहतो, याबद्दल माझ्या मामांच्या मनात तिळमात्र शंका नाही. बाकीचे सगळे ‘पंथवाले’. हा शब्द ते अशा आवाजात उच्चारतात, की ऐकणाऱ्याने आपला खिसा चाचपून बघावा. कॅथलिक मेणबत्त्यांत अडकले, शनिवारी उपासना करणारे कॅलेंडरात अडकले, आणि टाळ्या वाजवून, अंगात आत्मा आला म्हणून कुणालाच न कळणाऱ्या ‘अन्य भाषां’त प्रार्थना करणारे तर कामातूनच गेले. मामांचा जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात गेला. त्यामुळे माणूस दिसला, की त्याचं स्वर्गाचं तिकीट तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि आजवर एकाचंही तिकीट बरोबर निघालेलं नाही. नोकरीत असताना खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांचा त्यांना भारी राग. तो रुमाल चिमटीत धरून ते बाहेर फेकत आणि म्हणत, “जागा बसनाऱ्याची. रुमालाची न्हाई.” रस्त्यात कुणी “प्रेज द लॉर्ड” म्हणून हात पुढे केला, की मामा स्वतःचा हात पाठीमागे नेतात आणि कडक आवाजात “सलाम” म्हणतात. आमच्या चर्चच्या जुन्या मंडळीत सलामच म्हणायची रीत आहे.

या जुन्या मंडळीचं म्हणाल, तर तिथे माणसं थोडी आणि कमिट्या दोन. चर्चला आमची म्हातारी माणसं अजून देऊळच म्हणतात. त्या देवळाच्या दाराला दोन्ही कमिट्यांनी आपापलं कुलूप ठोकलं आहे. रविवारी एक पाळकसाहेब पायऱ्यांवर उपासना घेतात, दुसरे चिंचेखाली. दोन्हीकडून एकाच वेळी वेगवेगळी गीतं सुरू होतात आणि देवाला जे मोठ्याने ऐकू जाईल ते पावतं. मामा बरोबर मधोमध खुर्ची टाकून बसतात आणि दोघांच्याही चुका काढतात. एवढं होऊनही ‘आपली मंडळी शुद्ध’ हे पालुपद कायम.

पंथ ओळखायचा कसा, हे ते जेवताना समजावून सांगतात. “एकाच मान्साचा शब्द शेवटचा. प्रश्न इचारला की राग. भायेरच्या नातेवाइकांशी भांडनं. आन् एकदा आत गेला की मानूस सुटत न्हाई.” एकदा हे ऐकता ऐकता मामी त्यांच्या ताटात भाकरी टाकत म्हणाली, “ह्यातलं तुमच्यात काय कमी हाय?”

तर अशा माणसाची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, दौंडला टाळीवाल्यांत गेली. आई-बाप लवकर गेल्यावर मामांनीच तिला वाढवली होती. नवरा वारल्यावर ती दौंडात एकटी राहायची. शिरूरला यायला तयार नव्हती, पण शेजारच्या बाईबरोबर त्या टाळीवाल्यांच्या प्रार्थनेला मात्र आनंदाने गेली आणि तिथेच रमली. मामांच्या दृष्टीने हे अपहरणच होतं. तिला सोडवून आणण्यासाठी ते दर आठवड्याला न्हावरा-इनामगावमार्गे एसटीने दौंड गाठत, वाद घालत, तिच्या हातचं कालवण चाटूनपुसून खात आणि संध्याकाळच्या गाडीने एकटेच परत येत. त्यांचा मोठा आक्षेप ‘साखळी’वर होता. त्या लोकांत रोज सकाळी एक जण दुसऱ्याला फोन करून एक वचन वाचून दाखवतो, ऐकणारा “आमेन” म्हणतो आणि मग तो तिसऱ्याला फोन लावतो. मामा म्हणत, “साखळी न्हाई ती, बेडी हाय! मानूस सुटू नये म्हनून रोज वढून बघत्यात.”

मग मावशीने भीमेत बुडून बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. पाळण्यात असताना डोक्यावर शिंपडलेलं पाणी तिला पुरेनासं झालं होतं. मामा पेटले. मला बरोबर घेतलं आणि आम्ही नदीवर पोचलो, तेव्हा तरुण पास्टर कमरेएवढ्या पाण्यात डोळे मिटून उभा होता आणि मावशी नुकतीच भिजून बाहेर येत होती. “थांबा!” म्हणून ओरडत मामा विजारीसकट पाण्यात घुसले, गाळावरून घसरले आणि थेट पास्टरच्या मिठीत पडले. पास्टरला वाटलं, पुढचा उमेदवार आला. त्याने पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मामांना बुडवून वर काढलं. मामांच्या नाकातोंडात पाणी. त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्यातलं एक अक्षर कुणाला कळलं नाही. काठावरची मंडळी “अन्य भाषा! हालेलुया!” म्हणून टाळ्या वाजवू लागली. मी मामांच्या चपला हातात धरून उभा होतो आणि हसू आवरेना म्हणून खाली बसलो.

शिरूरला परतल्यावर मामांनी आमच्या पायऱ्यांवरच्या पाळकसाहेबांना गाठलं. म्हणाले, “माझी संमती नव्हती. हा बाप्तिस्मा रद्द धरा.” पाळकसाहेब डोकं खाजवत म्हणाले, “मामा, संमतीवर गेलो तर तुमचा पयलाबी रद्द व्हतोय. तवा तुम्ही पाळन्यात होता.” मामा चिंचेखालच्या पाळकांकडे गेले. त्यांनीही तेच सांगितलं. कुलुपं लागल्यापासून आमचे दोन पाळक एकमताने बोलल्याची ही एकमेव वेळ.

मावशी मात्र त्या दिवसापासून म्हणायची, “दादा, आता तू आमच्यातलाच.”

गेल्या थंडीत ती आजारी पडली आणि उठलीच नाही. दवाखान्यात टाळीवाल्यांनी पाळ्या लावून तिच्या उशाशी रात्री बसून काढल्या. मामांच्या शुद्ध मंडळीतून कुणी फिरकलं नाही. मातीच्या वेळी मामा भांडायच्या तयारीनेच उभे होते. म्हणाले, “जुनी गीतं व्हतील. टाळ्या चालनार न्हाईत.” पास्टर “बरं मामा” म्हणाला, आणि ती सगळी माणसं हात मागे बांधून जुनी गीतं गायली. भांडायला कुणी उरलं नाही, तेव्हा मामा रडले.

मावशीचा फोन मामांनी शिरूरला आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाजला. पलीकडे साखळीत रोज मावशीला फोन करणारी दौंडची बाई होती. सवयीने याच नंबरावर हात गेला, म्हणाली, आणि मग अडखळत तिने विचारलं, “आता पुढं कमलबाईला फोन कोन लावनार? तिला दिसत न्हाई. ती वाट बघत बसती.”

परवा मी मामांकडे मुक्कामाला होतो. सकाळी त्यांचा आवाज ऐकू आला. “सलाम, कमलबाई. मी तुमचा मेंबर न्हाई, हे पयलं सांगतो.” मग त्यांनी जुन्या पवित्र शास्त्रातून एक वचन सावकाश वाचलं आणि पलीकडचं “आमेन” ऐकेपर्यंत फोन कानाला लावून ठेवला.

मी चिडवलं, “मामा, अडकलात की हो बेडीत!”

त्यांनी मावशीचा फोन सदऱ्याच्या टोकाने पुसला.

“सीट तिची हाय,” ते म्हणाले. “मी नुसता रुमाल टाकलाय.”