हुकावरचा झाडू

हे भित्रे आहेत, हे मला लग्न झाल्यावर लगेच कळलं. रस्ता ओलांडताना माझा हात घट्ट धरायचे. मला वाटायचं, प्रेमाने धरतात. पुढे लक्षात आलं की रस्ता रिकामा असला की धरत नाहीत. घरातून निघताना गॅसचं बटण बघणार, कुलूप लावल्यावर परत उघडून बघणार. मी कुकर लावला की स्वारी स्वयंपाकघरातून पसार. शिट्टी होऊन गेल्यावर दारातून डोकं आत घालून विचारणार, "झाली का?"

असा हा माणूस नौदलाच्या जहाजावर बॉयलर सांभाळतो, हे सांगताना मला हसू आवरत नसे. तिकडे सोबतीही त्यांना 'भागूबाई' म्हणतात, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. घरी कोण कशाला सांगेल?

एकदा मी कुकरवरून फारच छळलं, तेव्हा ते खुर्ची ओढून समोर बसले.

"किटलीतून निघते ती वाफ दिसते, कारण ती गार व्हायला लागलेली असते," ते म्हणाले. "आमच्या पाइपातली वाफ इतकी तापलेली असते की ती दिसतच नाही. पाइपाला बारीक भोक पडलं तर नुसता आवाज येतो, आणि तोही सगळीकडे घुमतो. कुठून येतोय कळत नाही. मध्ये हात आला तर हात गेला."

"मग करता काय?"

"लांब दांड्याचा झाडू घ्यायचा. तो पुढे धरून वरखाली हलवत एकेक पाऊल टाकायचं. जिथे झाडूचा तुकडा पडेल तिथे भोक."

"अगंबाई, म्हणजे तिकडे झाडू हातात धरता तर!" मी म्हणाले. ते हसले नाहीत. मीही मग विषय बदलला, पण त्या रात्री हे परत बोटीवर गेल्यावर काय काय होऊ शकतं, ते डोळ्यांपुढे यायला लागलं.

त्याच वर्षी भर समुद्रात त्यांच्या जहाजाच्या मोठ्या पाइपाचा जोड निकामी झाला. दुसऱ्या जहाजाने ओढून न्यायची वेळ आली होती. ह्यांनी आणि तिघा सोबत्यांनी त्या भट्टीसारख्या खोलीत बसून जोड दुरुस्त केला आणि जहाज आपल्या पायांनी घरी आलं. उत्तम देखभालीचा त्या वर्षीचा मान ह्यांच्या इंजिनखोलीला मिळाला. मानचिन्ह म्हणजे सागवानाची लांबट, जाड पाटी, वर पितळी अक्षरं. ती चौघांच्या वतीने ह्यांनी घ्यायची होती. घरच्यांना बोलावणं होतं. मोठ्या साहेबांची हौस अशी की समारंभ वर डेकवर नको, खाली त्या पाइपापाशीच व्हावा, आणि बॉयलर चालू असावा.

सकाळी ह्यांनी ताटातलं चिवडून ठेवलं. "तू वरच बस. खाली फार उकडतं," म्हणाले.

"का? माझी नजर लागेल तुमच्या बॉयलरला? मी येणार." मी ऐकणारी नव्हेच.

शिडी उतरायला लागले आणि माझी बोबडी वळली. शिडी सरळ खाली विहिरीत उतरावी तशी. कठडा गरम, हात घामाने निसटत होते. खाली जमीन म्हणजे लोखंडी जाळी, जाळीखाली काळं पाणी चकाकत होतं. डोक्यावर पाइप, कडेला पाइप, सगळ्यांना ताजा रंग. घशात त्या रंगाचा वास बसला. आवाज तर असा की शेजारच्याचं बोलणं कळेना. इथे हे रोज काम करतात, आणि मी कुकरवरून हसते!

शिडीपाशी भिंतीला एक हुक होता, रिकामा. ह्यांचं लक्ष माझ्याआधी तिकडे गेलं.

"झाडू कुठाय?" त्यांनी सोबत्याला विचारलं.

"आत टाकलाय. साहेब म्हणाले, पाहुण्यांसमोर झाडू कसला लटकवायचा? फोटो निघणार आहेत."

ह्यांनी तोंड उघडलं, पण साहेब 'चला, चला' करत आले आणि ते तोंड तसंच मिटलं.

मधून एक अरुंद वाट होती. पाहुणे शिडीच्या बाजूला दाटीवाटीने उभे राहिले. मला हे नीट दिसेनात, म्हणून मी वाटेच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. मोठ्या साहेबांनी दोन शब्द बोलून पाटी ह्यांच्या हातात दिली. टाळ्या झाल्या. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू?

मग टाळ्या विचित्र तऱ्हेने थांबल्या. आधी इंजिनखोलीतल्या माणसांचे हात थांबले, पाहुण्यांचे चालूच होते. मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. मी पाटी जवळून बघायला निघाले. हे माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी एकदा त्या रिकाम्या हुकाकडे बघितलं.

"तिथेच उभी राहा! मूर्ख बाई, अक्कल गहाण टाकलीस का? एक पाऊल टाकलंस तर याद राख!"

सगळ्यांसमोर! ज्या माणसाने घरात कधी आवाज चढवला नाही, त्याने चारचौघांत माझी लाज काढली. कानशिलं तापली. नाही येत जा, असं मनात म्हणून मी जागच्या जागी उभी राहिले. माझा पाय रागाने थांबला, शहाणपणाने नव्हे.

आणि मग तो आवाज मला ऐकू आला. बारीक, तीक्ष्ण, शिट्टीच्या आधी कुकर करतो तसा, पण न थांबणारा. तो डोक्यावरून येत होता, पाठीमागून येत होता, पायाखालूनही येत होता. समोर हवा स्वच्छ होती. काहीही दिसत नव्हतं. पुढे सरकावं की मागे, हेही कळेना.

साहेब पाहुण्यांना शिडीवर ढकलत होते. वाफ बंद करायचं चाक माझ्या बाजूला होतं, हे मला मागाहून कळलं. हे मात्र शिडीकडे न जाता माझ्याकडे यायला लागले. मानाची पाटी दोन्ही हातांनी पुढे धरली होती आणि वर-खाली, वर-खाली हलवत होते. ओठ हलत होते. एक पाऊल टाकायचे, थांबायचे.

छातीच्या उंचीवर पाटीचा कोपरा उडाला. चाकूने काकडी कापावी तसा. मी उभी होते तिथून ते अंतर हातभरही नव्हतं.

ते खाली वाकले, जाळीवरून सरपटत माझ्या पायांशी आले आणि चाक फिरवायला लागले. आवाज बारीक होत होत थांबला. ज्या झडपेला दुरुस्ती सोडून पाहुण्यांसाठी नुसता रंग फासला होता, ती फुटली होती.

ते जाळीवर बसून राहिले. दात वाजत होते. एक सोबती धावत आला, "भागूबाई, ऊठ रे," म्हणाला, आणि मला बघून जीभ चावली.

"लागलं नाही ना?" ह्यांनी मला विचारलं. "मी असं बोललो... वाफ सुटलीय म्हटलं असतं, तर तू माझ्याकडेच आली असतीस गं. घाबरलं की माणूस आपल्या माणसाकडेच धावतं."

मला तिथेच रडू फुटलं.

पाटी कोपरा तुटलेलीच टांगली आहे म्हणतात. मी बघायला गेले नाही, जाणारही नाही. घरी आता कुकर लावला की हे बाहेर जातात आणि त्यांच्यामागून मीही जाते. दोघं गॅलरीत उभे राहतो. कुणी हसत नाही.

जहाज बंदराला लागलं की ह्यांचा फोन येतो. पूर्वी मी विचारायचे, जेवलात का? आता पहिला प्रश्न ठरलेला आहे.

"झाडू हुकावर आहे ना?"

"आहे."

परवा मात्र म्हणाले, "असेल की."

"असेल नको," मी म्हणाले. "खाली जाऊन बघून या." आणि फोन कानाला लावून थांबले.