जावयाचा अ‍ॅम्प

"हा नको. हा बोलायला लागला की माणसांनी काय तोंडाला कुलूप लावायचं?"

"अमोलो, गिटारीतलं तुला कळतं की मला?"

"मला माझा बाप कळतो. तेवढं पुरे."

सरोवराकाठच्या किसुमू गावात बस स्टँडमागे ओमुगाचं जुन्या वाद्यांचं दुकान आहे, तिथं भरदुपारी हे चाललं होतं. रोझबेला अमोलो एका बुटक्या, पत्र्याच्या अ‍ॅम्पवर, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या डब्यावर, हात ठेवून उभी होती. तिचा नवरा हेझ्रॉन ओगुटू छातीइतक्या उंच, विलायतेहून जुन्या सामानात आलेल्या धुडासमोर उकिडवा बसून, बाजारात बैलाची पाठ थोपटावी तसा ते थोपटत होता.

"हा छोटा बघ," ती म्हणाली. "हळू वाजव, जोरात वाजव, स्वच्छच वाजतो. बाबा बोलायला उभे राहिले की आवाज खाली घेता येईल."

"खाली! अगं, माझ्या गिटारीचा आवाज मुळात पातळ." त्यानं गळ्यातली लाल गिटार तान्ह्या पोरासारखी सावरली. "पातळ गिटारीला पातळ अ‍ॅम्प दिला तर डास गुणगुणल्यासारखं वाजेल. हिला भरदार जोडीदार पाहिजे. याच्या आत काचेचे दिवे आहेत, दिवे! ते रंगात आले की आवाजाला मध सुटतो."

"आणि रंगात कधी येतात?"

ओमुगा धंदेवाईक असला तरी खोटारडा नव्हता. "जोरात वाजवला की येतात, मॅडम. हळू वाजवलात तर हा झोपतो. मैदानात उत्तम आहे. घरच्या अंगणात मात्र—"

हेझ्रॉननं त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य ओमुगानं गिळलं आणि पावती फाडली.

हेझ्रॉन ओगुटू पाणीपुरवठा कचेरीत साहेब होता. नळ कोरडे असल्याच्या तक्रारींवर "पाहिले" असं लिहून सही करणं हे त्याचं काम, आणि ते तो मन लावून करी. उरलेल्या वेळात त्याला छंद होते. आधी गळ होते. सरोवराकाठच्या माणसानं परदेशी गळ मागवले आणि मासे मात्र बाजारातूनच आणले. मग मधमाश्या आल्या, त्या शेजाऱ्याला चावून गेल्या. आता गिटार. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारी माणसं परवडली. हेझ्रॉन दरवेळी नवं अंगणच विकत आणायचा.

बरं, वाजवायचा काय? बेंगाचं, म्हणजे इकडच्या गिटारीवरच्या नाचाचं, गाणं आधी सावकाश चालतं, गाणारा गातो, दोन गिटारी एकमेकींशी बोलतात, आणि शेवटी बोटं सुसाट सुटतात, तेव्हा लोक नाचायला उठतात. हेझ्रॉननं फक्त ते शेवटचं सुसाट शिकून घेतलं होतं. पान वाढायचं नाही, वरण नाही, भात नाही, एकदम बडीशेपच हातावर. तीही ओंजळभर.

एरवी रोझबेलानं नाक मुरडून सोडून दिलं असतं. पण यावेळी प्रश्न तिच्या वडिलांचा होता.

नाफ्ताली ओबुंगा सरोवरातल्या बोटींवर फिटर होते. बंदरावरच्या प्रत्येक बैठकीत गाणं ऐन रंगात असताना ते हात वर करायचे. हात वर झाला की वाजवणारे आवाज खाली घेतात, आणि माणूस उभा राहून स्वतःची थोरवी सांगतो: मी कोण, कुणाचा, कशाला घाबरलो नाही. याला पाक्रुओक म्हणतात. ओबुंगांचा पाक्रुओक ऐकायला लोक होड्या वल्हवत यायचे म्हणे. मग गेल्या वर्षी घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाजाचा धागा राहिला. आता इस्पितळाच्या फेऱ्या संपवून सुखरूप घरी आले म्हणून लेकीनं शनिवारी आपल्याकडे जेवण ठेवलं होतं. बंदरावरचे उरलेसुरले सोबती यायचे होते.

"एकदाच बोलीन," ओबुंगा लेकीला म्हणाले होते. तेही कुजबुजत, कारण तेवढंच जमायचं. "त्यांच्यासमोर. परत ते तरी कुठले, आणि मी तरी कुठला."

"पुढं मायक्रोफोन ठेवू का, बाबा?"

"पाळकासारखा? माझं नाव मी तारेतून सांगू? नको. गिटार खाली बसली की पुरतो माझा आवाज."

शनिवारी लेकीच्या अंगणात आंब्याखाली खुर्च्या मांडल्या, प्रार्थना झाली, तळलेले मासे आणि मक्याच्या पिठाची उगाली झाली. ओबुंगांनी ठेवणीतला कोट घातला होता. आतला माणूस आटल्यामुळे तो खांद्यांवरून घसरत होता. बंदरावरचा न्यांग्वेसो बास गिटार घेऊन आला होता, त्याच्याबरोबर ढोलवाला होता. मुख्य गिटार जावयाची. चार माणसं लावून तो अ‍ॅम्प अंगणात आणला गेला तेव्हा न्यांग्वेसोनं विचारलं, "साहेब, हे वाजवायचं की यात राहायचं?"

"ऐका तर खरं," हेझ्रॉन म्हणाला.

"ऐकू की. आम्हीच काय, पलीकडच्या काठावरचे पण ऐकतील."

आणि खरं सांगायचं तर आवाज सुरेख होता. नाइलाजानं कबूल करावं लागतं. दिवे तापले, लाल गिटारीच्या त्या किरट्या तारांना अंग आलं, आणि हेझ्रॉनची बोटं चुकत होती तीसुद्धा गोड चुकत होती. म्हातारे खुर्चीत डुलायला लागले. रोझबेलाचासुद्धा पाय हलला, आणि तिला त्या पायाचा राग आला.

तेवढ्यात ओबुंगा उठले. कोट सावरला. हात वर केला.

न्यांग्वेसोनं बास लगेच खाली घेतला. ढोल नखांवर आला. हेझ्रॉननंही पाहिलं, पाहिलं नाही असं तो कधीच म्हणू शकला नसता. त्यानं मागे वाकून बटण फिरवलं, आवाज उतरला आणि सगळं अंगण पुढे झुकलं.

"मी ओबुंगा," ओबुंगा म्हणाले. घासलेला, बारीक, पण त्यांचाच आवाज. "सेमेच्या आयेकोचा पोरगा. सरोवरानं ज्याला दोनदा तोंडात घेतलं आणि—"

रोझबेला नवऱ्याकडे बघत होती. हेझ्रॉन ऐकतच होता, पण सासऱ्याला नाही. मान तिरकी करून तो आपल्या तारा ऐकत होता. हळू केल्याबरोबर मध आटला होता, गिटार घोंगडीखाली कण्हल्यासारखी वाजत होती. त्याच्या कपाळावर आठी पडली. एवढी माणसं जमली आहेत, आणि माझा आवाज असा? तिनं त्याचा हात मागे जाताना पाहिला. बटणावर बोटं पाहिली. "हेझ्रॉन!" ती ओरडली, पण तोवर त्यानं बटण पुन्हा वर फिरवलं होतं.

तिची हाकही त्यातच गेली.

ओबुंगा थांबले नाहीत. उभे होते, ओठ हलत होते, हात सरोवराकडे जात होता, छातीवर येत होता. एकदा हसले, म्हणजे त्यांची नेहमीची मगरीची गोष्ट आली असावी. जुने सोबती त्यांच्या तोंडाकडे बघून आपापल्या आठवणीतून शब्द भरत होते. न्यांग्वेसोनं बासवरून हात काढूनच घेतला. वडिलांचे ओठ मिटले, ते खाली बसले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, न ऐकलेल्या माणसासाठी वाजवाव्यात तशा, फार जोरात.

हेझ्रॉननं मान लववून त्या टाळ्या स्वीकारल्या.

आणि मग बडीशेप. मनसोक्त.

थांबला तेव्हा शर्ट घामानं चिकटला होता आणि चेहरा नवरदेवासारखा फुलला होता. रोझबेला त्याच्या कानाशी आली. "तू बटण वर केलंस."

"अगं, मेलेला वाटत होता आवाज!"

"कुणाचा?"

"गिटारीचा! दुसऱ्या कुणाचा?" तो खरोखरच गोंधळला होता. "खाली घेतला होता ना मी? सगळ्यांनी बघितलं. आणि बाबांचं झालं की बोलून. टाळ्या पडल्या."

"काय बोलले ते?"

"म्हणजे?"

"माझे वडील काय बोलले, हेझ्रॉन? एक शब्द सांग."

"नेहमीचंच असणार की. सरोवर, मगर..." गिटार गळ्यात तशीच ठेवून तो खुर्च्यांमधून वाट काढत सासऱ्यांपुढे गेला आणि जावयानं जसं वाकावं तसं अदबीनं वाकून, वडीलधाऱ्यांना हाक मारतात तशी हाक मारली. "जादुओंग, खरं सांगा हं, आडपडदा नको. आवाज कसा वाटला? हिच्या म्हणण्याप्रमाणे तो पत्र्याचा डबा घेतला असता तर ही मजा आली असती का?"

ओबुंगांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, अनोळखी बोटीकडे पाहावं तसं. ते उठले. न्यांग्वेसोनं हात पुढे केला, त्याचा आधार घेतला, कोट खांद्यावर ओढला आणि दोघं फाटकाकडे चालू लागले.

"जादुओंग? ऐकलंत ना तुम्ही?" हेझ्रॉन मागून म्हणाला.

फाटक उघडलं आणि मागे कुणी ते लावून घेतलं नाही.