बिशानच्या गवतावर सॅमनची शिकवणी

मार्च संपला की आमच्या घरातला एक माणूस आजारी पडतो. ताप नाही, खोकला नाही, नुसता उसासे टाकत गळाचं रीळ पुसत बसतो. हा माझा नवरा निरंजन. कोथरूडचा, जन्मात मासा न खाल्लेला, इथे सिंगापुरात सॉफ्टवेअर मॅनेजर, आणि दर फेब्रुवारीत दहा दिवस न्यूझीलंडच्या बर्फगार नदीत उभा राहून सॅमन पकडणारा. पकडतो, फोटो काढतो आणि सोडून देतो! मी मालवणजवळच्या देवबागची. अठरा वर्षांच्या संसारात माझ्यावर याहून मोठा अन्याय झालेला नाही.

सॅमन म्हणजे आपला रावस नव्हे. समुद्रात मोठा होऊन अंडी घालायला नदीत उलटा चढत येणारा हा मासा. सिंगापुरात तो फक्त सुपरमार्केटच्या बर्फावर दिसतो, त्यामुळे इथल्या सॅमनवेड्यांना वर्षाचे दहा-अकरा महिने नुसतं झुरायचंच असतं. निरंजनला हे वेड लावलं ह्वा अंकलनी. अंकल निवृत्त शिक्षक, वय एकाहत्तर, हौगांगला आमच्याच ब्लॉकमध्ये सहाव्या मजल्यावर राहतात. गेली सात वर्षं दोघं बरोबर जायचे. २०१५च्या एप्रिलमध्ये अंकलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पुढच्या हंगामात नदी बंद म्हणून सांगितलं.

अंकलचा एक नियम आहे. नदीत एकट्याने पाऊल टाकायचं नाही. शेजारी उभा राहणारा, गळाची जाण असलेला जोडीदार हवाच. म्हणजे अंकल नाहीत तर निरंजनही नाही. जूनच्या शाळेच्या सुट्टीत एका संध्याकाळी अंकल लिफ्टपाशी भेटले आणि माझ्याकडे बोट दाखवून निरंजनला म्हणाले, "हिला आण. दोन दिवसांत सांगतो जमेल की नाही." निरंजन माझ्याकडे असा काही बघायला लागला की मला नाही म्हणवेना. तर हे आमचं शनिवार-रविवारचं प्रवासवर्णन. पासपोर्ट लागत नाही, कार्डात एमआरटीपुरते, म्हणजे इथल्या मेट्रोपुरते, पैसे असले की पुरे.

शनिवारी सकाळी हौगांगहून सेरंगूनला गाडी बदलून बिशान. स्टेशनातून पार्कपर्यंत वीस मिनिटं चालायची तयारी ठेवा आणि नऊच्या आत पोचा, नंतर ऊन डोक्यावर येतं. अंकल आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या आंटी, टॅक्सीने आले. या पार्कमध्ये पूर्वी सिमेंटचा सरळसोट कालवा होता. तीनेक वर्षांपूर्वी तो फोडून त्याची वळणावळणाची, दगडगोट्यांची नदी केली. अंकल त्या घोटाभर पाण्याकडे बघत म्हणाले, "डोळे थोडे बारीक केले की आपलीच नदी." निरंजनने लगेच डोळे बारीक केले. दोघांची ती तोंडं बघून मला हसू आवरेना.

मासेमारी अर्थातच नाही. गवतावर उभं राहायचं, हातात रॉड, दोरीच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा गोंडा. मी तो फेकायचा आणि अंकलनी मासा व्हायचं. हो, खरंच! तीस-पस्तीस फुटांवर अंकल गोंडा मुठीत धरतात आणि हळूहळू चालू लागतात. आपण हात स्थिर ठेवायचा, हातातला दोरीचा सैल फेरा त्यांच्याबरोबर जाऊ द्यायचा. सॅमन आमिष तोंडात धरतो, पण गिळत नाही. तो पाठ फिरवून निघाला आणि दोरी ताणली गेली की मगच रॉड उचलायचा. त्याआधी झटका दिला की आमिष तोंडातून निसटतं आणि मासा गेला.

आता माझी पंचाईत ऐका. देवबागच्या खाडीवर बाबांच्या शेजारी बसून मी हातगळाने मासे धरले आहेत. तिथे दोरी थरथरली की त्याच क्षणी झटका, नाहीतर पोरीला काही येत नाही म्हणून सगळी वाडी हसणार. तो झटका माझ्या मनगटात मुरलेला. अंकलनी गोंडा धरला की माझा हात आपोआप वर. गोंडा त्यांच्या मुठीतून सुटून उडायचा, एकदा तर त्यांच्या टोपीवर जाऊन बसला.

"मासा गेला," अंकल प्रत्येक वेळी शांतपणे सांगायचे.

"अगं, थांब ना जरा!" निरंजन.

"थांबतेच आहे! हात थांबत नाही, त्याला मी काय करू?"

आमची बारा वर्षांची सई गवतावर लोळत म्हणाली, "आई, यू सो कान चिओंग लाह!" उतावळ्या माणसाला इथे असंच म्हणतात. अंकलना ते फारच पटलं. "तू भुकेलेल्या माणसासारखी गळ टाकतेस," ते म्हणाले. मी म्हटलं, "अंकल, आमच्याकडे मासा खायलाच धरतात." ते इतके हसले की बाकावर बसायला लागलं. दीड तासात पंचवीसेक मासे गेले. निरंजन धीर देत होता, पण त्याचा चेहरा पडला होता आणि मला स्वतःचाच राग येत होता.

दुपारी अंकलच्या घरी. निरंजन आणि सई टेबलाशी बसून पिसं आणि रंगीत दोऱ्याची आमिषं बांधायला शिकत होते. एकेका आमिषाला अर्धा तास लागतो. अंकल प्रत्येक आमिषाबरोबर त्याला लागलेल्या माशाची गोष्ट सांगत होते. कुठल्या वळणावर, कुठल्या दगडामागे, किती वाजता. मी आंटीबरोबर स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत होते. निरंजनसाठी त्या वेगळी शाकाहारी बी हून, म्हणजे तांदळाच्या शेवया, करतात, आठवणीने लसूण कमी घालून.

"तुझा हात बिघडला ते बरंच झालं," आंटी खालच्या आवाजात म्हणाल्या.

मला वाटलं, टोमणा मारताहेत.

"डॉक्टर म्हणतात रोज चाला, नाहीतर गुडघा आखडेल. हा लिफ्टपर्यंत जातो आणि परत येतो. मी ओरडले की म्हणतो, चालून जायचं कुठे? आज मासा होऊन तो दीड तास चालला. एप्रिलपासून पहिल्यांदा."

मी भाजी तशीच ठेवून बाहेर बघितलं. अंकल खुर्चीत बसून हाताने नदीचं वळण दाखवत होते आणि ऑपरेशनचा पाय समोर स्टुलावर सरळ ठेवलेला होता. इतकं वाईट वाटलं मला! सात वर्षं मी या माणसाला नवरा पळवणारा म्हणून हसत आले, आणि त्याची नदी गेली त्याचं मला काहीच वाटलं नव्हतं.

रविवारी पुलाउ उबीन. तनाह मेराहहून दोन नंबरची बस चांगी व्हिलेजला सोडते. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांमध्ये, पोटभर नासी लमाक, नारळाच्या दुधातला भात, खाऊन घ्या, बेटावर निवड फारशी नाही. बमबोट, म्हणजे छोटी लाकडी मोटरबोट, बारा माणसं जमल्याशिवाय सुटत नाही. माणशी अडीच डॉलर, सुटे जवळ ठेवा. दहा-बारा मिनिटांत पलीकडे. पत्र्याच्या छपरांची जुनी घरं, भाड्याच्या सायकली आणि कोंबड्या. मला तर बोटीतून उतरताच देवबागचा वास आला.

जेट्टीपासून थोडं पुढे, ओहोटी लागलेल्या उथळ किनाऱ्यावर आमची परीक्षा. बत्तीस डिग्रीत मला छातीपर्यंतची रबरी विजार घालायला लावली. सायकलवरून जाणाऱ्या एका कुटुंबाने थांबून माझा फोटो काढला. निरंजनने गुडघाभर पाण्यात पाय न उचलता सरकत कसं चालायचं ते शिकवलं. ते मला पटकन जमलं, खाडीतल्या चिखलाने शिकवलेलं होतंच.

मग अंकलनी बूट काढले, पँट दुमडली आणि लाल गोंडा मुठीत घेतला. आंटींनी त्यांचे बूट उचलून हातात धरले. अंकल घोटाभर पाण्यातून चालू लागले. आधी उजवा पाय, मग जरा थांबून डावा. वाळू मऊ होती. मी त्यांच्या गुडघ्याकडे बघत राहिले. आता अडखळतील, आता बसतील. ते काही थांबले नाहीत. काल एका फेकीला जेवढे चालले होते त्याच्या दुप्पट लांब गेले. सैल फेरा माझ्या बोटांमधून कधी निघून गेला मला कळलंही नाही. मग त्यांनी आमच्याकडे पाठ केली, दोरी ताणली गेली आणि रॉड सावकाश वर गेला. मी उचलला असणार, दुसरं कोण?

अंकल वळले. मूठ घट्ट होती, गोंडा आतच. "धरलास!" ते तिथूनच ओरडले. "जा. हिला घेऊन जा!" निरंजनने भर किनाऱ्यावर मला मिठी मारली. कोथरूडच्या माणसाने! सईने तोंड फिरवून घेतलं.

परतीच्या बोटीत सगळे खुशीत होते. फक्त अंकल पाण्याकडे बघत बसले होते. त्यांचं काम संपलं होतं. आंटींनी त्यांच्या मांडीवर हात ठेवला आणि तो चांगी येईपर्यंत उचलला नाही.

रात्री जेवण होताच निरंजन विमानाची तिकिटं बघायला बसला, कितीतरी दिवसांनी शीळ घालत. मी कपाट उघडून गरम कपडे शोधायला लागले आणि मध्येच थांबले. या दोन दिवसांतलं काय उरलं म्हणाल, तर मला आता नदीची थोडी ओढ लागली आहे. पण त्याहून जास्त ते पाण्यातले अंकल. फेब्रुवारीला अजून आठ महिने होते. आम्ही तयारी करणार, आणि ते लिफ्टपर्यंत जाऊन परत येणार. मी फोन उचलला.

"अंकल, मला अजून नीट जमत नाही. दर शनिवारी मासा व्हाल का?"



"तुला जमतं. मी पाहिलं."

"नाही जमत."

"खोटं बोलतेस."

"हो."

 

"सकाळी किती वाजता?"