पायाच्या पट्ट्या आणि दावीदरावांची कमिटी

बाळाचे लंगोट आणि आमच्या मंडळीतले किस्से यांत एक साम्य आहे. आजचे धुऊन दोरीवर घालावेत, तोवर उद्याचे साचलेले असतात. लंगोट निदान उन्हात वाळतात. किस्से तसेच ओले राहतात आणि कुणाजवळ तरी पिळून टाकल्याशिवाय मला झोप लागत नाही. तशी तान्ह्या सलोमीमुळेही लागत नाहीच.

मी वाशिमला आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. पगार वगैरे काही नाही. एक लाकडी बाक आहे, त्यावर रविवारी तासभर बसायचं. पण आठवड्यातला तेवढा एकच तास असा, की पुढच्या क्षणाला काय करायचं हे मला नक्की ठाऊक असतं. बाकी सगळ्याबद्दल शंकाच. मुलीला ताप आहे की अंग नुसतंच गरम आहे? रडते ती भुकेने की पोटात दुखून? सगळ्या जगाला कळतं, मला कळत नाही. ऑर्गनच्या बाकावर मात्र मला कळतं.

त्यामुळे सलोमी तीन महिन्यांची झाली आणि चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी दावीदराव घरी आले, तेव्हा मी घाबरले. दावीदराव तहसील कचेरीतून रिटायर झालेत, पण कचेरी त्यांच्यातून रिटायर झालेली नाही. चहा संपवून, बशी उलटी करून ते म्हणाले, "सूनबाई, लेकराच्या मायनं आता घर पाहावं. पेटी वाजवाले आमचा व्हिक्टर हाय."

व्हिक्टर म्हणजे त्यांचा अकोल्याचा भाचा. तिथल्या एका ऑर्केस्ट्रात विजेवरचा ऑर्गन वाजवतो. नाताळापर्यंत काय ते ठरवू, असं सांगून ते गेले. मी दारात उभी, कडेवर सलोमी. नाही म्हणायचं मला रात्री सुचलं.

*

आधी आमच्या ऑर्गनबद्दल सांगते. कुणा गोऱ्या साहेबाने जाताना तो मागे ठेवला. वर हातांसाठी पट्ट्यांच्या दोन ओळी, आणि खाली जमिनीलगत पायांनी दाबायच्या लांब लाकडी पट्ट्या. खर्ज त्यांतून निघतो. पाय असे गुंतल्यामुळे भाता मारायला दुसरा माणूस लागतो. बाजूला एक दांडा आहे, तो त्याने वरखाली करायचा.

साहेब गेला आणि पायाच्या पट्ट्या कशासाठी आहेत हे सांगणारं कुणी उरलं नाही. पुढची कित्येक वर्षं लोक त्यांवर चपला ठेवत. मग कधीतरी शेजारच्या कोठडीचं दार त्यांना अडायला लागलं. कमिटीने रीतसर बैठक घेतली, ठराव केला, सुतार बोलावला आणि दाराला आड येणाऱ्या तीन पट्ट्या कापून टाकल्या. दार नव्हे, पट्ट्या!

त्या तीन नेमक्या सगळ्यात खर्जातल्या. म्हणून आमच्याकडे निम्मी गीतं मला चढवून वाजवावी लागतात. बायकांचा आवाज वर पोचला नाही, की कमिटी म्हणते बायकांचा सराव कमी पडतो.

लग्न होऊन आले तेव्हा मी नवी होते, माहेरी बोर्डिंगातल्या मडमबाईंकडे शिकून आल्याचा थोडा तोराही होता. मी दावीदरावांना विचारलं, पट्ट्या का कापल्या?

"तीस होत्या, सत्तावीस राह्यल्या," ते म्हणाले. "माणसाले पाय किती असतात, सूनबाई?"

 

*

पायांनी वाजवायचं तर लुगडं जरा वर घ्यावं लागतं. घोटाभर, जास्त नाही. पण एवढ्यानेही कुणाच्या तरी भक्तीत व्यत्यय आला. कोणाच्या, ते कमिटीने गुप्त ठेवलं. मात्र बाकाभोवती एक निळा पडदा लागला. दावीदरावांनी स्वतः स्टुलावर चढून खिळे ठोकले.

पुढच्या रविवारी पुरुषांकडच्या पुढच्या तीन रांगा उपासना सुरू होण्याआधीच भरल्या. एरवी तिथे पाळकसाहेबांना हात धरून माणसं बसवावी लागतात. पडद्याखाली चार बोटं फट राहिली होती.

तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी पडदा उतरवायला लावला. उपदेश चालू असताना सगळी मंडळी मान खाली घालून बसते, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. पहिले दोन रविवार त्यांना तो पश्चात्ताप वाटला.

*

भाता मारतात ते शिमोनकाका. इस्पितळात कंपाउंडर होते. औषधाच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवतात ना, तशीच पट्टी काकांनी ऑर्गनच्या कुशीला चिकटवली आहे. भात्यात हवा किती भरली हे दाखवणारं शिशाचं एक वजन तिथे दोरीला लोंबतं, त्याच्या शेजारी. एक कडवं, एक डोस. गीताला चार कडवी, चार डोस. त्यावर थेंब मिळणार नाही.

एकदा अकोल्याहून मोठे पाळक आले होते. त्यांना आमचं गाणं फार आवडलं. शेवटचं कडवं पुन्हा गाऊ या, असं ते म्हणाले. मी सूर धरला. ऑर्गनने एक उसासा टाकला आणि गप्प झाला. मंडळी तोंड उघडं ठेवून उभी. मी दांड्याकडे पाहिलं. काका हाताची घडी घालून बसले होते.

मोठ्या पाळकांनी गोड आवाजात विचारलं, काय झालं?

काका म्हणाले, "चिठ्ठीवर चारच लिवले हायत."

*

व्हिक्टरला मी पहिल्यांदा पाहिलं ते किन्हीराजा गावी. आमचे हे पोस्टात आहेत. त्यांच्या बरोबरच्या एकाचं लग्न होतं. दुपारचं लग्न, मांडवात अकोल्याचा ऑर्केस्ट्रा. नवऱ्यामुलाच्या घरच्यांनी आधी बुद्धवंदना शांतपणे उरकून घेतली, हे बरं केलं. कारण नंतर रॉक सुरू झालं. व्हिक्टरच्या ऑर्गनखाली एक फळी होती, तिच्यावर पायांनी दाबायच्या पट्ट्या. विजेवरचा खर्ज. तो घुमला की पत्रावळीवरची बुंदी हलायची.

खरं सांगायचं, तर मला हेवा वाटला. त्याचा पाय तालाला पक्का होता आणि बोटं माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने पळत होती. वाटलं, दावीदराव म्हणतात ते बरोबरच असेल. मी उगाच अडून बसलेय. सलोमीच्या कानांना त्रास होईल म्हणून मी तिचं डोकं पदरात गुंडाळून बसले होते, अशी बाई काय रॉक समजणार!

तेवढ्यात वीज गेली. ढोल सोडून सगळं गप्प झालं. व्हिक्टरचे डोळे मिटलेले होते. ढोलवाल्याने आणखी थोडा वेळ वाजवलं, त्यामुळे याला कळलंच नसावं. हा मान हलवतोय, दोन्ही पाय फळीवर थयथय नाचताहेत.

माझ्या शेजारी नवरीची आत्या जेवत होती. तिने हात थांबवला. "त्या पोराले काय झालं वो, बाई? मुंग्या डसल्या काय पायाले?"

मी म्हटलं, नाही आत्याबाई, तो खर्ज वाजवतोय.

तिने मांडवभर नजर फिरवली. "कुठी?"

*

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी व्हिक्टरची आमच्या चर्चमध्ये परीक्षा होती. खरं तर परीक्षा माझी होती, पण ती मी मागच्या बाकावर बसून देत होते. मांडीवर सलोमी.

व्हिक्टर आला तो चार बोटं उंच टाचांच्या बुटांत, आणि बेल-बॉटम अशी, की एका पायात दोन माणसं मावावीत. आल्या आल्या त्याने शिमोनकाकांना विचारलं, याचा स्विच कुठे आहे?

"स्विच मीच हाय," काका म्हणाले.

मग सुरू झालं. त्या बुटाखाली एक पट्टी दाबायची सोयच नव्हती. एका वेळी तीन दाबल्या जायच्या. वर हात गीत वाजवताहेत आणि खाली म्हशी भांडताहेत. त्यात ताल रॉकचा. तरणी पोरं धावत शेवटाला पोचली, म्हाताऱ्या दोन ओळी मागे राहून एकमेकींना धीर देत होत्या. मला आनंद झाला. चर्चमध्ये बसून असा आनंद होऊ नये, म्हणून मी प्रार्थनाही केली, पण आनंद गेला नाही.

शेवटी आशीर्वादाला सगळे उभे राहिले. व्हिक्टर उठेना. बेल-बॉटमचा घेर दोन पट्ट्यांच्या फटीत अडकला होता. तो वाकून ओढतोय, पट्टी दाबली जातेय आणि काकांनी, डोस शिल्लक असल्यामुळे, भाता चालूच ठेवलाय. आशीर्वादाच्या प्रत्येक वाक्यानंतर एक लांब हंबरडा.

लोक माना वळवायला लागले. दावीदराव मोठ्याने म्हणाले, "डिस्टर्ब करू नका. पोरगा प्रार्थनेत हाय."

*

एवढं झाल्यावर कमिटी माझ्या बाजूची होईल, असं मला वाटलं होतं. इतका भाबडेपणा शिकलेल्या बाईला शोभत नाही. कमिटीने ठरवलं, की व्हिक्टरची संधी होऊन गेली, आता सूनबाईंची नाताळात होईल. लेकरामुळे ऑर्गन एकदा जरी बंद पडला, तर बाक व्हिक्टरचा. तो तोवर साधी विजार शिवून घेईल.

नाताळच्या सकाळी चर्च भरलेलं. धनजपासून पाव्हणे आलेले. व्हिक्टर पहिल्या रांगेत, साध्या विजारीत. सलोमी आता आठ महिन्यांची. तिला मी पोटभर पाजलं, स्वेटर घातला, गरम होईल म्हणून काढला, सर्दी होईल म्हणून पुन्हा घातला आणि बाकाशेजारी टोपलीत झोपवलं. तिच्या वडिलांकडे ती दोन मिनिटंसुद्धा राहत नाही. जाऊबाई म्हणाल्या होत्या, मी घेते. पण त्या गायला लागल्या की स्वतःचं मूलही विसरतात.

सगळं नीट पार पडत आलं. शेवटचं गीत, दुसरं कडवं. डावा पाय खाली टेकवायला गेले, तर पट्टीच्या जागी काहीतरी मऊ लागलं.

सलोमीला तोवर रांगता येत नव्हतं. पोटावर सरकायची, तेही मागेच. त्या दिवशी ती टोपलीतून निघून, बाकाखालून, कापलेल्या पट्ट्यांच्या मोकळ्या जागेत येऊन, शेजारच्या पट्टीवर नुसता हात ठेवून बसली होती आणि वर माझ्याकडे बघून हसत होती.

पाय मी हवेतच धरला. पुढचं मी ठरवून केलं नाही, मला इतक्या लवकर काही ठरवताच येत नाही. दोन्ही हात वरच्या पट्ट्यांवरून सुटले, खाली वाकले आणि तिला उचलून छातीशी धरलं. वरचा सूर तुटला. पण उजवा पाय आपल्या स्वरावर तसाच होता, आणि डावा पुढच्या स्वरावर जाऊन पोचला. मग पुन्हा उजवा. गीताची चाल खालून, खर्जातून यायला लागली. हळू, जाड, पण चाल तीच.

मंडळी क्षणभर बिचकली. मग पुरुषांकडून कुणीतरी उचललं, बायकांनीही उचललं. खालच्या सुरात सगळ्यांचाच आवाज बसत होता. सलोमीला सोडायची माझी हिंमत झाली नाही, आणि थांबायची तर नाहीच. दोन कडवी मी तशीच वाजवली, हातांत मूल घेऊन, बाकावरून घसरेन या भीतीने पाठ ताठ करून. शिमोनकाका दांडा मारत होते, त्यांचं लक्ष शिशावर नव्हतं. चौथं कडवं संपलं. मंडळीने आपणहून ते पुन्हा सुरू केलं. हवा होती.

 गीत संपल्यावर दावीदरावांनी फक्त चष्मा काढून पुसला. आठवडा मी तळमळत काढला. ऑर्गन बंद पडला असं धरायचं की नाही? वरचा बंद पडला, खालचा चालू होता. घरात यांचं तीनदा विचारून झालं, की तुला नक्की काय होतंय.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी कमिटीचा निर्णय वाचून दाखवला. अक्षर दावीदरावांचं होतं.

"उपासनेच्या वेळी ऑर्गन वाजवणाऱ्या भगिनींचे दोन्ही हात मोकळे असतात, असे कमिटीच्या निदर्शनास आले आहे. सबब ऑर्गनचे काम त्यांच्याकडेच ठेवावे. आणि पुढील रविवारपासून मंडळीतील इतर तान्ही मुलेही उपासना संपेपर्यंत त्यांच्याकडेच द्यावीत."