उसना पत्ता

आत्याच्या दारावर पत्र्याच्या पाच पट्ट्या होत्या, पाच माणसांच्या नावांच्या, आणि आत राहत होती ती एकटी. सगळ्यात वरची पट्टी नवऱ्याची. तो जाऊन बरीच वर्षं झाली तरी तिनं ती काढली नव्हती. खालच्या चौघांपैकी एकानंही या घरात मुक्काम केलेला नव्हता. तरी पोस्टमन कधी अडखळत नसे, आणि गल्लीत कुणी चौकशी केलीच तर उत्तर ठरलेलं असे: हो, इथंच राहतात, आत्ताच कामाला गेले.

ती सोफ्याची कव्हरं शिवायची. पुढच्या खोलीत मशीन, फोमचे तुकडे, रेक्झिनचे गुंडाळे आणि त्यातूनच कसंबसं चालायला वाट. मागच्या खोलीत शेगडी, कॉट आणि मोरी. अख्खी गल्ली तिला आत्याच म्हणायची, तिच्याहून थोरली माणसंसुद्धा. शिवण सरळ, जीभ मात्र तिखट. एखादं गिऱ्हाईक शिवण ओढून ओढून बघायला लागलं की म्हणायची, "बघा, बघा. आत सोनं सापडलं तर अर्धं माझं."

पट्ट्यांची रीत तिनंच पाडली होती, आणि ती रागातून पाडली होती. ती आणि नवरा परराज्यातून इथं आले तेव्हा नवरा पक्का टर्नर होता. लेथवर त्याचा हात फिरला की बघणाऱ्यानं काम सोडून बघत राहावं. पण प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर पहिला प्रश्न एकच: राहता कुठे? हात कुणी बघितलेच नाहीत. राहत होते ते स्टेशनजवळ, भाड्याच्या खाटेवर, आणि खाटेला काही पत्ता नसतो. शेवटी एका घरमालकिणीनं, ना ओळख ना पाळख, "माझा पत्ता घाल की रे," म्हणून सांगितलं. ज्या कारखान्यानं त्याला दोनदा हुसकावलं होतं त्यानंच मग बोलावून आत घेतलं. आत्यानं हे मनात धरून ठेवलं. पुढे स्वतःची दोन खोल्यांची जागा झाली तेव्हा तिनं नवऱ्याच्या गावाकडच्या एका पोराचं नाव पत्र्यावर रंगवून घेतलं आणि खिळे ठोकून दाराला लावलं. तिचं बघून समोरच्यांनी लावलं, मग पलीकडच्यांनी. जन्म कुठे घ्यावा हे कुणाच्या हातात असतं? मग अर्जावरची एक ओळ हातात का असू नये, असा गल्लीचा सरळ हिशेब होता.

पाचवी पट्टी भाच्याची. आत्याच्या धाकट्या भावाचा मुलगा, हद्दीपलीकडच्या राज्यात बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक होता. कारखाना बंद पडला. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली, आणि हा एका खोलीत बसून सगळीकडे अर्ज पाठवत राहिला. मुलगी फोनवर त्याला "तुम्ही कधी येणार?" असं पाहुण्याला विचारावं तसं विचारायला लागली होती.

"पत्ता कुठला घालतोस?" आत्यानं एकदा विचारलं.

"माझाच की."

"तिथंच तुझं घोडं पेंड खातंय. माझा घाल."

"पण मी तिथं राहत नाही ना, आत्या."

"नोकरी लागली की राहशील. आज नाही तर उद्या. त्यात खोटं काय?"

त्यानं घातला. आणि इतके दिवस ज्याच्या अर्जाला कुणी हूं की चूं केलं नव्हतं त्याला आठवड्याच्या आत एका कोल्ड स्टोरेजमधून फोन आला. फळं आणि औषधं ठेवायची मोठी जागा होती, आत्याच्या घरापासून चालत जाण्यासारखी. नोकरी कायमची, आणि आवारातच दोन खोल्यांचं क्वार्टर. म्हणजे बायको, मुलगी, शाळा, सगळं पुन्हा एका छपराखाली.

"फोनवर विचारलं तर इथंच राहतो म्हणून सांग," आत्यानं बजावलं. "लाजू नकोस. सगळे सांगतात."

"बघतो," भाचा म्हणाला. तो लहानपणापासून तेवढंच म्हणायचा, आणि आत्या लहानपणापासून त्याचा अर्थ 'हो' असा घ्यायची.

मग एके दिवशी दुपारी चौकशीचा माणूस आला. हेल्मेट काखेत धरून दारातच उभा, बोलणं मऊ. कोल्ड स्टोरेजकडून आलोय म्हणाला. आत्याची तयारी कधीचीच झाली होती. नवऱ्याचा जुना शर्ट धुऊन दोरीवर टाकलेला, मोरीत दाढीचं सामान मांडलेलं, कॉटखाली पुरुषी चपला.

"भाचे इथंच असतात का?"

"इथंच. नाव बघितलंत ना दारावर?"

तेवढ्यात शेजारचा इस्त्रीवाला निखाऱ्यांची इस्त्री बाजूला ठेवून आलाच. "त्यांचे शर्ट मीच करतो, साहेब. कॉलर कडक लागते त्यांना. नाही झाली तर परत पाठवतात."

समोरची काकू खिडकीतच होती. गल्ली तिला रेडिओ म्हणायची. एकदा लागली की बटण सापडत नसे. ती जिना उतरून खाली आली. "अहो, कालच माझा फ्रीज दुरुस्त करून दिला त्यानं. चहासुद्धा घेतला नाही. असा मुलगा शोधून सापडायचा नाही."

"काल?" माणसानं विचारलं.

"काल म्हणजे काल. संध्याकाळी."

माणसानं एकदा काकूकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. "आत्ता कुठे आहेत?"

"कामाला गेलाय," आत्या म्हणाली. "मित्राच्या दुकानात."

"बरं," तो म्हणाला. मागची खोली त्यानं उंबऱ्यातूनच पाहिली, दोरीवरचा शर्टही पाहिला. चहा नको म्हणाला, आभार मानले आणि गेला. गल्लीत मग चांगलीच मजा चालली. इस्त्रीवाल्यानं काकूची नक्कल केली, काकूनं त्याची. आत्यानं दोघांनाही चहा पाजला आणि पुन्हा मशीनवर बसली. खूप दिवसांनी तिची शिवण पळत होती.

दिवेलागणीला भाच्याचा फोन आला.

"आत्या, आज तिकडे कुणी आलं होतं?"

"आलं होतं तर. असं वाजवून सांगितलंय त्याला, की..."

"काय सांगितलंस?"

आत्यानं सगळं सांगितलं. शर्ट, चपला, काकूचा फ्रीज.

"मी कोल्ड स्टोरेजच्या मॅडमना आधीच खरं सांगितलं होतं," तो म्हणाला. "पहिल्याच फोनला. मी इथं आहे, पत्ता आत्याचा आहे, काम मिळालं तर पहिल्या गाडीनं येतो, म्हणून. त्यांना चाललं होतं. त्या माणसाला एवढंच बघायचं होतं, की आत्या खरंच आहे का आणि क्वार्टर मिळेपर्यंत तिच्याकडे माझी सोय होईल का. आता त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, तुम्ही खोटं बोललात की तुमची आत्या?"

आत्याचा हात मशीनच्या चाकावर होता. चाक थांबलेलं असूनही तिनं ते घट्ट दाबून धरलं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू ओरडली असतीस. खरं कशाला ओकलास म्हणून. म्हटलं, पत्र हातात आलं की सांगेन."

आत्या खरंच ओरडली असती. गल्लीत इतक्या वर्षांत एवढ्या जणांसाठी सगळे बोलले, पण ज्याच्यासाठी बोलतोय तो स्वतः काय बोलून बसलाय हे कधी कुणी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच वाटली नव्हती. चांगल्या माणसाच्या बाजूनं खोटी साक्ष द्यायची गल्लीला इतकी सवय झाली होती, की खरं बोलणाऱ्याला ती खोटा पाडून मोकळी झाली.

"आपण चांगल्यासाठीच बोललो ना गं?" फोन चालू असताना दारात येऊन उभ्या राहिलेल्या काकूनं विचारलं, आवाज एकदम बारीक.

"चांगल्यासाठीच," आत्या म्हणाली. "म्हणून तर कुणाला शिव्यासुद्धा देता येत नाहीत."

सकाळी ती हातातलं कव्हर अर्धवट टाकून कोल्ड स्टोरेजच्या फाटकावर जाऊन उभी राहिली. वॉचमननं विचारलं, "मॅडमनी बोलावलंय का?"

"नाही. पण मी आल्याशिवाय त्यांचं काम पुरं होत नाही."

वॉचमनला हे काय प्रकरण आहे ते कळेना, म्हणून त्यानं आत फोन लावला. बराच वेळ बसवून ठेवल्यावर इंजिनिअर मॅडम स्वतःच बाहेर आल्या. चाळिशीच्या असतील, अंगात जाड जाकीट, केसांवर टोपी. त्यांच्या मागचं दार मिटेपर्यंत आतला गारठा जमिनीवरून सरपटत आला आणि आत्याच्या पावलांना लागला.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"आत्या. खोटं बोलले ती मी. तो नाही."

मॅडमनी तिला आडोशाला नेलं. कॉम्प्रेसरच्या घरघरीत दोघींना मोठ्यानं बोलावं लागत होतं, त्यामुळे साधं बोलणंसुद्धा भांडणासारखं वाटत होतं.

"मावशी, आम्ही स्थानिक माणूस मागतो त्याला कारण असतं. मशीन बंद पडलं तर अर्ध्या तासात माणूस इथं लागतो. नाही आला तर आतली औषधं फेकून द्यावी लागतात."

"मग जवळ राहणारा पाहिजे असं छापा ना. स्थानिक कशाला छापता? आवारात क्वार्टर देणार तुम्ही. इथं राहायला लागला की तो जवळचाच झाला. बाहेरून आलाय म्हणून काय मशीन त्याचं ऐकणार नाही?"

"नाही, ते बरोबर आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या, आणि त्या इतक्या पटकन म्हणाल्या की आत्याच्या रागाला पुढे जायला जागाच उरली नाही. "म्हणून तर मी त्यांना हो म्हटलं होतं. मला त्यांचं ते खरं सांगणंच आवडलं. इथला माणूस मला मशीनसमोरून फोनवर सांगतो, प्रेशर इतकं, तापमान इतकं. मी घरी असते. मला त्याच्या शब्दावर झोपायचं असतं. आता तुमची अख्खी गल्ली सांगते की ते तिथंच राहतात, काल फ्रीज दुरुस्त केला. मी कुणाचं खरं धरू?"

"त्याचं," आत्या म्हणाली. "तो खरं बोलला म्हणून तर हा घोळ झाला. खोटं बोलला असता तर आमच्याशी जुळलं असतं, आणि आज तो तुमच्याकडे कायम असता."

टोपी काढून मॅडमनी केस मागे सारले.

"माझा विश्वास बसला," त्या म्हणाल्या. "पण चौकशीचं वर कळलंय. माहिती खोटी निघाली, म्हणजे कायम नाही. तो नियम माझ्या हातात नाही. मी त्यांना ठेकेदाराकडून घेऊ शकते. सहा महिने. काम तेच, क्वार्टर नाही. सहा महिन्यांनी पुन्हा विचारीन. मिळेलच असं आज सांगत नाही."

"त्यात त्याचा काय गुन्हा?"

"काही नाही."

आत्याला भांडता आलं असतं. ऑफिसच्या दारात बसून आवाज चढवून नळाचं पाणी, रेशन, घराची पावती अशी किती कामं तिनं करून आणली होती. पण समोरची बाई खोटं बोलत नव्हती आणि आपण बोललो होतो, आणि या वेळी आवाज चढवला तर तो भाच्याच्याच खात्यावर जाईल हे तिला कळत होतं. ती म्हणाली, "येईल तो. पहिल्या गाडीनं येतो म्हणाला होता ना, तसाच येईल," आणि वळली. वॉचमननं फाटक उघडताना विचारलं, "झालं का काम?" तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

भाच्याला तिनं फोन केला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "सहा महिने तर सहा महिने. घरी बसण्यापेक्षा बरं." आणि मग, "बायकोला मी सांगतो."

"तू नाही," आत्या म्हणाली. "मी सांगते."

भाचेसुनेचा नंबर लावून आत्या कॉटवर बसली. पलीकडे भांड्यांचा आवाज होता. आत्यानं सुरुवातीपासून सांगितलं. शर्टाचं, चपलांचं, काहीही गाळलं नाही. भांड्यांचा आवाज कधी थांबला ते तिला कळलं नाही.

"सहा महिने," भाचेसून म्हणाली. "म्हणजे आम्ही दोघी इथंच."

"हो."

"मी भावजयीला सांगून बसले होते. महिनाअखेर तुझी खोली मोकळी करते म्हणून."

आत्यानं फोन दुसऱ्या कानाला धरला.

"एकदा त्यांना विचारायचं होतंत, आत्या. एकच फोन."

"विचारायचं होतं."

कुठल्याही भांडणात आत्याकडे पुढचा शब्द तयार असायचा. आज ती दारातून पुढच्या खोलीतलं मशीन आणि रेक्झिनचे गुंडाळे नजरेनं मोजत होती.

"इथं या दोघी," आत्या म्हणाली. "मी मशीन मागं नेते. पुढची खोली तुमची."

"आणि गिऱ्हाईक कुठे उभं राहणार? मोरीत?" भाचेसून हसल्यासारखं करून म्हणाली, पण ते हसू नव्हतं. "नको. तुमचं पोट आहे त्या खोलीवर. आणि शाळा मधेच सोडली तर वर्ष जाईल हिचं."

"मग सुट्टीत तरी."

"सुट्टीत बघू. त्यांना स्वेटर लागेल ना तिथं?"

"लागेल. आत फार गारठा आहे. मी स्वतः बघून आले."

"त्यांचा कोपरात गेलाय."

"तसाच पाठव. मी रफू करीन."

भांडी पुन्हा वाजू लागली. फोन ठेवायच्या बेतात भाचेसून म्हणाली, "आता तुमच्याकडे लोक विचारतील, बायको कुठे असते म्हणून. तुमची ती काकू आहेच."

"विचारतील."

"काय सांगाल?"

"माहेरी असते म्हणून सांगेन," आत्या म्हणाली. "माझ्यामुळे असते, तेही सांगेन."