पंडुमाआधीची कैरी

"इचारा गुरुजी, मनात ठेवू नोका. माह्यापाशी लपवाले काई नाई," असं बाई भेटल्याबरोबर म्हणायच्या आणि दोन्ही तळवे उघडून दाखवायच्या, जणू आपण त्यांची झडतीच घ्यायला आलो आहोत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ज्याच्याजवळ लपवण्यासारखं काही नसतं तो ते दर भेटीत सांगत नाही, असं माझं मत. त्यामुळे पहिल्या दिवसापासून बाईंवर माझी नजर होती.

गडचिरोलीच्या पार टोकाला, माडिया लोकांच्या एका गावात मी तेव्हा प्राथमिक शाळेवर होतो. बाई वडशाकडच्या, दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. एका घराची पडवी मागून गावात राहिल्या होत्या. आठवडाभर कुणाची जखम बांध, कुणाचा ताप बघ, आणि रविवारी शाळेच्या कुंपणाबाहेरच्या आंब्याखाली पोरांना बायबलमधल्या गोष्टी सांग. शाळेत मी बसू दिलं नसतं आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. याचाही मला संशय आला.

खाऊ, कपडे, यातलं काही त्या वाटत नव्हत्या. वाटलं असतं तर बरं झालं असतं. काय देऊन काय घेतात ते तरी कळलं असतं. मी व्हरांड्यात वह्या तपासायचं निमित्त करून बसायचो आणि कान तिकडे लावायचो. माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, पण जाणत्या वयात, पुरता विचार करून. धर्म बदलण्याचं मला वावडं नाही. पण दुसरीतल्या पोराला कसला आला विचार? तसं मी एकदा बाईंना तोंडावर बोललो.

"गोष्टीच तं सांगून राह्यली मी," त्या म्हणाल्या. "मोठे झाल्यावर पाह्यतीन त्यायचे ते."

"अन् तुमाले काय भेटते यातून?"

"पोरं आयकतेत, गुरुजी. माह्यं इतकं कोनी आयकलं नाई आजवर."

एवढं साधं उत्तर मला पटलं नाही.

गोष्ट सांगण्याची हातोटी मात्र त्यांच्यासारखी मी कुणात पाहिली नाही. महापुराच्या गोष्टीत त्यांनी नावेवर अस्वल, रानगवा आणि घोरपड चढवली होती. घोरपड काही केल्या आत जाईना, तेव्हा पोरं इतकी हसली की मीही वहीत तोंड खुपसलं.

चैत्रातल्या एका रविवारी बागेची गोष्ट निघाली. देवानं पहिल्या माणसाला आणि पहिल्या बाईला बाग दिली, सगळं खा, पण या एका झाडाचं फळ खाऊ नका म्हणाला. त्यांनी खाल्लं. देवानं त्यांना बाहेर काढलं.

"काऊन खाऊ नोका म्हनला असन देव?" बाईंनी विचारलं.

गायत्याची, म्हणजे गावच्या पुजाऱ्याची, आठ वर्षांची नात लगेच म्हणाली, "पंडुम झाला नसन."

बाईंना पंडुम ठाऊक नव्हता. सगळी पोरं एकदमच सांगायला लागली. नवं फळ आधी देवाला आणि पूर्वजांना द्यायचं, त्या दिवशी गावाचा सण, तोच पंडुम. त्याच्याआधी आंब्याला कुणी तोंड लावत नाही. एवढं सांगून पोरं गप्प झाली. कारण सकाळीच बाईंनी, ते बसले होते त्याच आंब्याची कैरी तोडून मीठ लावून खाल्ली होती. पोरांनी पाहिलं होतं, भिडेपोटी बोलली नव्हती. मीही पाहिलं होतं. मी टोकलं का नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल.

"मंग बाई," नात हळूच म्हणाली, "तुमाले बी बाहेर काढतीन का?"

बाईंनी पुस्तक मिटलं. गोष्ट तिथेच थांबली.

पोरांनी घरी सांगितलं नसतं. आता बाईंना गावातून घालवणं माझ्या हातात होतं. सांगावं की नाही, यावर मी दुपारभर खल करत बसलो, तोवर बाई स्वतःच गायत्याकडे जाऊन सगळं सांगून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव बसलं. गायता शांत माणूस, आवाज चढवला नाही. "कोंबडी दे," तो म्हणाला, "अन् पंडुमाले आमच्यासंगं देवापुढं हात जोड. मंग राह्य इथीच."

"कोंबडी देईन. साऱ्यायची माफी मांगीन," त्या म्हणाल्या. "पन हात जोडनं मले जमनार नाई. खोटे हात जोडले तं तुमच्या देवाले बी फसवलं अन् माह्या बी."

मी चमकलो. पोरं बाटवायला आलेली बाई राहण्यासाठी एवढं नक्की करील, असं मी धरून चाललो होतो.

गायता माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुमी रोज पाह्यता. पोरायसाठी बाई बरी हाय का नाई? तुमी म्हनान तसं करू."

सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. बाईही. 'राहू द्या' एवढं पुरलं असतं.

"मले काई भरोसा नाई," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. आजही पुरता भरोसा नाही. पण बाई कैरी तोडत होत्या तेव्हा मी नुसता बघत बसलो होतो, हे मी त्या बैठकीत सांगितलं नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

बाई दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं गेल्या. जाण्याआधी शाळेत आल्या, दोन पोरींच्या खरजेचं मलम माझ्या हातात दिलं आणि दिवसातून किती वेळा लावायचं ते समजावून सांगितलं.

पंधरा दिवसांनी पंडुम झाला. गायत्यानं पहिली फळं देवापुढे ठेवली, ढोल वाजले आणि पोरं आंब्यावर चढली. नातीनं एक कैरी मला आणून दिली.

"गुरुजी, झाला आता पंडुम," ती म्हणाली. "आता तं बाई वापस येतीन ना?"

बागेतून काढलेल्या त्या दोघांना देवानं पुन्हा आत घेतलं की नाही, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.