नसलेली दोन माणसं

हे मी कोणालेच सांगितलं नाई. नवऱ्याले नाई, लेकीले नाई. मग तुलेच काऊन? तू मले ओळखत नाई म्हणून. ओळखणाऱ्यांसमोर माझं तोंड आजवर उघडलं नाई.

आमच्या धानोऱ्याकडे पाहुणा आला की बारूदकोठीवरच्या हल्ल्याची गोष्ट निघतेच. स्वराज्य येऊन चार-पाच सालं झाली होती, जंगलातून सडक काढून राह्यले होते. नदीपल्याड, निजामाच्या जुन्या मुलखात, बंडवाल्यांच्या बंदुका चालत होत्या. तिकडची माणसं इकडे आली, सुरुंगाची कोठी उडवली, सडक बंद पाडली — असं पोलीस म्हणे, गावही म्हणे. कोणी सांगे सात जण होते, कोणी सांगे घोड्यावर होते. या जंगलात घोडे? पण सांगणाऱ्याचं तोंड कोण धरते. माझा नवरा तर इतकं रंगवून सांगे की माझाच चहा उतू जाई. नागपूरहून साहेब आले, नाले शोधले, रान शोधलं. कोणी सापडलं नाई. सापडणार कसं?

आधी राजन्नाभाऊचं सांगते. सिरोंच्याकडचा तेलुगू माणूस, खडकात सुरुंग लावायच्या कामावर होता. कोठीची किल्ली त्याच्या कमरेले. ताडमाड उंच, अन् लाजाळू किती म्हणून सांगू. मले 'चेल्ली' म्हणे — त्यांच्यात धाकट्या बहिणीले म्हणतात. मले सख्खा भाऊ नव्हता. चिंचेचं लालभडक लोणचं तो पळसाच्या पानात बांधून आणे, ते खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं की हसे. लई जीव होता माझा त्याच्यावर. आजही आहे.

कोठी बांधली ती माझ्या मोहाच्या झाडाजवळच. लग्न होऊन आली तवा सासूनं तो मोह दाखवला होता — हा तुझा, याची फुलं तू वेच. आमच्याकडे फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे काळ्या भुईवर फुलं उठून दिसतात. राजन्नाभाऊनं आठ दिवस आधीच सांगितलं होतं, "चेल्ली, या साली पाला जाळू नको. झाडूनं काढ." मी हो म्हटलं. पण झाडूनं? बाया हसल्या असत्या मले. अन् झाड माझं, कोठी कालची — असा माजही होता.

सकाळीच आग लावली. विझली वाटलं, म्हणून नाल्यावर गेली. ती पाल्यातून सरकत गेली असेल. राजन्नाभाऊ धूर पाहून विझवाले धावला — अन् कोठी उडाली. माणूस वाचला, पण त्याचा उजवा कान गेला तो गेलाच.

इथवर चूक होती. नुसती चूक असती, तर इतकी सालं लपवली असती का मी?

तिसऱ्या दिवशी पोलिसांचा जमादार आला. पोटात लेकरू होतं — नाई, ते राहू दे, ते कारण नाई. त्यानं विचारलं, झाडापाशी कोणी दिसलं का? मी म्हटलं, दिसले. दोन माणसं. लुंगी नेसलेली, तेलुगूत बोलून राह्यली होती. मले वाटलं, जी माणसं नाईतच, ती धरणार कशी? कोणाचं काय जाणार? पण आमच्या भागात लुंगी नेसणारा, तेलुगू बोलणारा अन् कोठीची किल्ली बाळगणारा एकच माणूस होता.

त्याले दोर बांधून माझ्या दारावरून नेलं. धूर कुठून आला, त्याले ठाऊक होतं. या बाईच्या मोहाखालून — इतकं म्हटलं असतं तरी सुटला असता. माझ्याकडे पाहत गेला, बोलला नाई. मी दाराआड उभी होती.

चांद्याच्या जेलात ठेवलं त्याले. पुरावा नाई म्हणून सोडलं, तवा दुसऱ्या सालचा मोह फुलायले आला होता. कामावर कोण घेते मग? गावी जाता जाता तो माझ्या झाडापाशी आला. हाडं निघाली होती. मी त्याच्या डाव्या बाजूले जाऊन उभी राह्यली, ऐकू जावं म्हणून. सारं ओठावर आलं होतं. त्यानंच आधी विचारलं, "पोरगी झाली म्हणे?" मी मान हलवली. मग पाल्याकडे पाहून हळूच म्हणाला, "चेल्ली, या साली तरी झाडूनं काढ."

मी म्हटलं, "हो, भाऊ."

तो गेला. पुन्हा दिसला नाई.

तवापासून मी पाला झाडूनंच काढते. बाया हसतात, हसू दे. गोष्टीतली दोन माणसं वाढत वाढत सात झाली, घोड्यावर बसली. हल्ला झालाच नव्हता. आग मी लावली, माणसं मी बनवली. अन् तो चांगला कान माझ्याकडे करून उभा होता, तवाही मी गप राह्यली.